पाहुण्यांची तारीख

आबांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका पुडक्याला फीत बांधत होते, आणि शेवटचे पाहिले तेव्हाही. मध्ये अडीच-तीन वर्षे गेली. पुस्तक दुसरे होते, पुडके तसेच.

बारामतीत भिगवण रस्त्यावर मुलाणीचाचांचे ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचे दुकान होते. दुकानाच्या बाजूने एक लोखंडी जिना वर जायचा आणि वरच्या खोलीत आबांचे 'मोटवण प्रकाशन' होते. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्याही निम्म्या उंचीपर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. खाली कुणी इंजिन चालू करून पाहिले की आबांच्या टेबलावरची काच थरथरायची. फोनही खालीच, चाचांच्या गल्ल्याशेजारी. आला की चाचा जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायचे, आणि आबा धोतराचा सोगा धरून असे घाईने उतरायचे की त्यांचे वय विसरायला व्हावे.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजातही विषय इंग्रजीच. घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. तोवर नुसती घरात बसण्यापेक्षा म्हणून वडिलांनी त्यांच्या ओळखीच्या आबांना विचारले. आबांनी मला समोर बसवले आणि एक छापील पान पुढे केले.

"वाचा मॅडम."

मी वाचले. ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत जावे तसे एकेक शब्द धरून. जोडाक्षर आले की थांबत. अर्धे पान झाल्यावर त्यांनी हात वर केला. आता घरी पाठवणार, असे मला वाटले, आणि थोडे बरेही वाटले.

"बास. या उद्यापासनं," ते म्हणाले. "ज्याला मराठी चांगलं येतं ना, त्यो चूक वाचतच न्हाय. मनात बरोबर करतो अन् फुडं जातो. तुमी एकेका शब्दाला ठेचकाळताय. प्रुफाला असलंच माणूस लागतं."

हे कौतुक होते की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेले नाही. 'मॅडम' मात्र त्या दिवसापासून कायम राहिले.

आबा बोलायचे एक आणि छापायचे दुसरे. तोंडी 'हाय, न्हाय, व्हय'. कागदावर एक ऱ्हस्व वेलांटी चुकली तरी जेवण गोड लागायचे नाही. कुणाला तोंडावर नकार दिलेला मात्र मी कधी ऐकला नाही. कवितांची वही घेऊन येणारा तलाठी असो की आजोबांचे चरित्र छापा म्हणणारा बागायतदार, आबा वही दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "बघतो. कळवतो." माणूस समाधानाने जिना उतरायचा. वही खिडकीतल्या गठ्ठ्यावर जायची. अशाने खोलीत उजेड दर महिन्याला थोडा कमी व्हायचा.

आणि एक नियम होता. पुण्याहून बाइंडरकडून नवे पुस्तक आले की गठ्ठे कोपऱ्यात रचून आबा त्यावर चादर टाकायचे. त्यातल्या पाच प्रती बाहेर काढून पिवळ्या जिलेटीन कागदात बांधायचे, वर साटीनची फीत. हे पुडके मंचावर प्रमुख पाहुण्यांनी सोडायचे. ते सुटेपर्यंत चादरीखालच्या पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, विकायचे नाही, वाचायचे नाही; लेखकानेसुद्धा नाही.

"बारसं झाल्याबिगर लेकराला नावानं हाक मारतो का आपण?" ते मला विचारायचे. "तसंच हाय हे. पाहुण्याचा हात लागला की पुस्तक. तवर नुसता छापील कागद."

आबांचे प्रकाशन चालायचे ते तात्यासाहेबांवर. तात्यासाहेब इंदापूरचे. तालुक्यातल्या बऱ्याच शाळा चालवणाऱ्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या शाळांची ग्रंथालये आबांची पुस्तके घ्यायची, म्हणून आबा पुढचे पुस्तक काढू शकायचे. तात्यासाहेब साठीला आले होते आणि त्यांचा गौरवग्रंथ आबांकडे होता. मी आले तेव्हा तो 'शेवटच्या टप्प्यात' होता, आणि मी गेले तेव्हाही त्याच टप्प्यात होता.

त्या ग्रंथाची प्रुफे वाचताना माझ्या लक्षात आले की निरनिराळ्या गावांच्या निरनिराळ्या माणसांच्या आठवणीत तात्यासाहेब सायकलवरून येतात, विहिरीवर थांबतात आणि ओंजळीने पाणी पितात. मी घाबरत घाबरत आबांना विचारले.

"सह्या त्यांच्या असत्यात मॅडम," आबा शांतपणे म्हणाले, "आठवणी मी काढतो."

लेख लिहिणारा माणूस तात्यासाहेबांचा गट सोडून गेला की त्याचा लेख काढायला लागायचा. तेवढ्याच पानांचा दुसरा लेख तिथे बसवायचा. मग आबा सायकल आणि विहीर घेऊन नव्या माणसाच्या गावाला जायचे. एकदा एका सरपंचाचा लेख असा तीनदा आत-बाहेर झाला, कारण सरपंचच तीनदा आत-बाहेर झाले.

या सगळ्यात एकच पुस्तक होते, ज्यातला एक शब्दही आबांचा नव्हता. लासुर्ण्याच्या गावडे बाई निवृत्त शिक्षिका. मेंढपाळाची लेक. त्यांनी लहानपण लिहिले होते: 'मेंढरांच्या मागं'. कळप कोकणाकडे चालायचा आणि वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत बाप त्यांना नेऊन बसवायचा. मुक्काम हलला की शाळा सुटली. एका गावच्या मास्तरांनी अर्धी बाराखडी शिकवली, पुढच्या गावच्या मास्तरांनी उरलेली. मधली दोन अक्षरे कुठल्याच गावात मिळाली नाहीत, ती पुढे त्यांना बाजारातल्या एका पाटीवर सापडली.

त्या पुस्तकाची प्रुफे मी दिली तेव्हा आबांनी बराच वेळ चाळली. "ह्यात तुमी ठेचकाळला न्हाय मॅडम," ते म्हणाले. "चुका ऱ्हायल्यात लई." आणि रागावण्याऐवजी खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे एक मी काढलेलं पुस्तक. बाकीची माझ्याकडनं निघाली."

त्याच पुस्तकात त्यांनी पुढे नडलेली एक गोष्ट केली. तात्यासाहेबांची तारीख मिळालेली नसताना पहिल्या पानांत छापून टाकले: 'प्रकाशन : माननीय तात्यासाहेब यांच्या शुभहस्ते, इंदापूर.' मी विचारले, तर म्हणाले, "नाव छापून दावलं की मग त्यांना यावंच लागतंय."

तारीख आणायला आम्ही इंदापूरला जायचो. मी कशाला, असे मला वाटायचे. पण आबांचे म्हणणे, बाईमाणूस संगं असले की तिथे बसायला खुर्ची मिळते. एसटी निघाली की आबा खिडकीशी बसून गौरवग्रंथातल्या नव्या माणसाचे बालपण डोक्यात जुळवत असायचे. लासुर्णे जवळ आले की मात्र उठायचे, पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसायचे आणि पेपर उघडून तोंडासमोर धरायचे. गाडी थांबायची, माणसे चढायची-उतरायची. घंटी वाजून गाडी हलली की पेपर खाली यायचा. मी काही विचारले नाही. मला तसे विचारता येत नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

तात्यासाहेबांच्या व्हरांड्यात माणसे, आणि माणसांमागे माणसे. आमची पाळी आली की तात्यासाहेब मोठ्याने म्हणायचे, "या आबा. काय म्हणतंय साहित्य?"

"आपल्या तारखेची वाट बघतंय."

"कशाची तारीख?"

"गावडे बाईंचं पुस्तक. नाव बी छापलंय आपलं."

"हां हां. घिऊ की. आपल्या ग्रंथाबरोबरच घिऊ, एका मांडवात दोन लग्नं. काय?"

सगळे हसायचे. आबाही हसायचे. पहिली तारीख मुंबईच्या बैठकीत गेली. दुसरीला तात्यासाहेबांच्या भावकीत सुतक आले. तिसरीच्या वेळी मांडव ठरला, पत्रिका छापल्या, आणि निवडणूक लागून आचारसंहिता आली. पुढाऱ्याचा सत्कार करायचा नाही, म्हणून ग्रंथ थांबला. ग्रंथ थांबला म्हणून बाईंचे पुस्तकही.

येताना आबा इंदापूरच्या स्टँडवर पेरू घ्यायचे. "बाईंना लई आवडत्यात," म्हणून पिशवीत जपून ठेवायचे. लासुर्णे आले की पेपर. लासुर्णे मागे पडले की एक पेरू मला द्यायचे आणि एक स्वतः खायचे.

एक दिवस गावडे बाईच जिना चढून आल्या. उंच, काटक, हातात छत्री. मी तोवर त्यांना फक्त पुस्तकात पाहिले होते, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे परकर नेसलेली एक मुलगी होती. त्या दारातच थांबल्या.

"आबा, माझं पुस्तक छापलंय का पुरलंय?"

"बसा बाई. चहा सांगतो."

"चहा मागनं पिऊ. पुस्तक कुठं हाय?"

आबांनी चादरीकडे पाहिले. "तारीख मिळंल आता."

"मी लिवलं, तुमी छापलं. ह्यात तात्यासाहेबांचं काय अडलंय?"

"त्यांचं कुठं अडलंय बाई. अडलंय आपलं. नाव छापून बसलोय मी."

बाईंना कळायला वेळ लागला नाही. "म्हंजे त्यांना बांधाया गेला, अन् दावं तुमच्याच गळ्यात आलं."

खाली कुणीतरी इंजिन चालू केले. काच थरथरू लागली.

"एक पुस्तक द्या मला," बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "कुणाला दावणार न्हाय. एका डोळ्यानं आता काय दिसत न्हाय आबा. दुसरा हाय तवर बघू द्या."

आबा उठले. चादरीपाशी गेले. तिचा कोपरा त्यांनी हातात धरला होता. मला वाटले, आता. पण त्यांनी तो कोपरा नीट खाली ओढला, जिथे गठ्ठा थोडा उघडा पडला होता तिथे.

"कळवतो बाई."

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "पोरी, तू वाचलंस?"

"हो."

"समदं?"

"हो."

"मग बरं हाय. एकानं तरी वाचलंय," असे म्हणून त्या जिना उतरल्या. छत्री प्रत्येक पायरीवर टेकत होती.

त्या पावसाळ्यानंतर संस्थेची निवडणूक झाली आणि तात्यासाहेबांचा गट पडला. शाळा दुसऱ्या गटाकडे गेल्या, म्हणजे ग्रंथालयेही गेली. तात्यासाहेबांचे नाव असलेले पुस्तक आता त्या शाळांत जाणार नव्हते. आबा दोन दिवस खोलीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन आले.

बाइंडिंग न केलेला त्या पुस्तकाचा एक फर्मा, नुसत्या घडी घातलेल्या छापील पानांचा, त्यांच्याकडे होता. नावाचे पान आधी त्यातले कापून बघू म्हणाले. मी पान ताणून धरले. त्यांनी ब्लेड टेकवले, आणि सवयीने पान उलटून पाहिले. 'शुभहस्ते'च्या पाठीमागे, त्याच कागदावर, बाईंची अर्पणपत्रिका होती: 'बापू, तुम्हांला हे वाचता आले नसते. म्हणून मी मोठ्याने वाचीन.'

आबांनी ब्लेड परत कागदात गुंडाळले.

"वर कोरा कागद चिकटवला तर?" मी म्हटले. मी आपणहून सुचवलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

"चिकटवलेलं माणूस नखानं खरवडून बघतंय मॅडम. तात्यासाहेबांना झाकलं म्हणून त्यांची माणसं येतील, अन् खाली तात्यासाहेब निघालं म्हणून दुसरी येतील." त्यांनी चष्मा पुसला. "कुणीकडनं बी दार न्हाय ह्याला."

आणि मग इंदापूरहून फोन येऊ लागले. तात्यासाहेबांचे, स्वतःचे. पूर्वी त्यांचा माणूस बोलायचा. "आबा, कधी ठेवताय प्रकाशन? आता मी मोकळाच हाय." आबा खाली उभे राहून, चाचांच्या बेल्ट आणि फिल्टरांच्या मधोमध, म्हणायचे, "व्हय साहेब. कळवतो."

शेवटी तात्यासाहेबांनी पुस्तक दाखवायला बोलावले. आबा पिवळे पुडके पिशवीत घालून निघाले. मी बरोबर होते. व्हरांड्यातल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावल्या होत्या. त्यातल्या दोन तात्यासाहेबांनी स्वतः ओढून आणल्या. पुडके त्यांनी हातात घेतले, जिलेटीनमधून दिसणारे मुखपृष्ठ पाहिले, फितीला बोटाने शिवले आणि परत दिले. तेही नियम पाळणारेच होते.

"उद्या म्हणा, परवा म्हणा," ते म्हणाले. "मांडव बी नको. हितंच, घरात करू."

"कळवतो साहेब."

"अन् ग्रंथाचं?"

"चालू हाय काम."

तात्यासाहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "बाकी काय बी काढा आबा. ती सायकलची आठवण राहू द्या. ती खरी हाय."

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. पुडके मांडीवर, पेरूंची पिशवी पायांशी. लासुर्णे आले तेव्हा ते उठलेच नाहीत. विसरले, की गाडीत गर्दी होती म्हणून, कोण जाणे. पेपरही उघडला नाही. गाडी थांबली आणि छत्री टेकत गावडे बाई चढल्या. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या.

मी उठून त्यांना जागा दिली आणि दांड्याला धरून उभी राहिले. बाई आबांच्या शेजारी बसल्या. मग त्यांची नजर पिवळ्या कागदाकडे गेली, तशी त्यांनी मान वाकडी करून, चांगला डोळा जवळ नेऊन पाहिले. स्वतःचे नाव त्यांना दिसले असावे.

त्यांनी फितीचे टोक ओढले. आबांचा हात पुडक्यावर होता, तो त्यांनी उचलला नाही आणि दाबलाही नाही. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले, समोर काही भलतेच चालले असावे आणि आपण पाहू नये तसे. जिलेटीनचा आवाज इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू आला. बाईंनी एक प्रत काढली, पहिली पाने उलटली आणि डोळ्यांना पार चिकटवून मोठ्याने वाचू लागल्या.

"बापू, तुम्हांला हे वाचता आले नसते..."

"मावशी, कुठं जायचं?" कंडक्टर आला.

"बारामती. अन् मधी बोलू नगं, वाचू दे."

पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून पाहिले. बाईंनी ती दोन वाक्ये पुन्हा वाचली, शाळेत पाठ घेतात तशी, सावकाश. मग पान उलटले आणि 'शुभहस्ते' वाचले. तेही मोठ्यानेच. आबांनी डोळे मिटले.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "बापाच्या पाठीवर लई वझी व्हती. त्यात ह्ये एक."

प्रत त्यांनी पिशवीत, डॉक्टरांच्या कागदांशेजारी ठेवली आणि फीत आबांच्या मांडीवर. "ही घ्या तुमची."

आबांनी खाली वाकून पेरू काढला आणि पुढे केला. बाईंनी घेतला, पदराला पुसला आणि खाल्ला.

मला वाटले होते, आता चादर निघेल. दुसऱ्या दिवशी आबा नेहमीसारखे आले आणि सायकलवाला लेख दुसऱ्या माणसाच्या नावावर कसा बसवता येईल ते बघत बसले. चादर तशीच राहिली. नव्या गटाचा कुणी पाहुणा मिळेल का, त्याला हे नाव खपेल का, तात्यासाहेबांना ते कुठून कळेल, असे ते स्वतःशीच पुटपुटायचे आणि प्रत्येक वेळी जिथून निघाले तिथेच येऊन थांबायचे.

थोड्या दिवसांनी माझे लग्न ठरले. मुलगा सोलापूरचा. मला घरच्यांनी सांगितले ते एवढेच. मी आबांना सांगायला गेले, तो माझा तिथला शेवटचा दिवस.

"तारीख पक्की?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"पक्की."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा हेवा होता, असे मला वाटले. मला त्यांना सांगावेसे वाटले की तारीख मी घेतलेली नाही. पण तसे काही बोलायची आमची रीत नव्हती.

ते पुडके पुन्हा बांधत होते. एक प्रत कमी झाल्याने फीत सैल पडत होती. दोनदा बांधून सुटली. मग त्यांनी खिडकीतल्या गठ्ठ्यातून त्याच मापाचा एक जुना कवितासंग्रह ओढून काढला, चार प्रतींच्या मधोमध घातला, कडा हाताने सारख्या केल्या आणि जिलेटीन गुंडाळले. फितीचे फूल केले. पुडके बाहेरून अगदी पहिल्यासारखे दिसू लागले.

मी नमस्कार केला आणि जिना उतरले. शेवटच्या पायरीवर होते तेवढ्यात चाचा गल्ल्याजवळून ओरडले, "आबा, इंदापूरचा फोन!"

वरून कुणी उतरले नाही. चाचांनी फोन माझ्याकडे धरला. मी वर पाहिले. आबा जिन्याच्या वरच्या टोकाशी उभे होते. पुडके छातीशी धरलेले, त्यामुळे हनुवटीखाली पिवळा उजेड. त्यांनी मोकळ्या हाताने मला खूण केली.

"आबा बाहेर गेलेत," मी फोनवर म्हटले.

"कधी येतील?" तात्यासाहेबांचा आवाज होता.

मी पुन्हा वर पाहिले. आबा तिथेच उभे होते, मी काय सांगते ते ऐकत.

"कळवतो म्हणालेत," मी सांगितले, आणि फोन ठेवला.